४३६ रुपये

आजीची पेन्शन काढायला मी तिच्याबरोबर बँकेत जायचे तेव्हा सातवीत होते. आजोबा फौजेत होते. सातारा जिल्ह्यात हे काही वेगळं सांगण्यासारखं नाही, आमच्या आळीत घरटी एक माणूस फौजेत होता. ते गेल्यावर आजीला फॅमिली पेन्शन सुरू झाली आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघी सकाळच्या एसटीने तालुक्याला जाऊ लागलो. काउंटरवर पितळेचं टोकन मिळायचं. ते सांभाळायचं काम माझं. मुठीत इतकं घट्ट धरायचे की तळहातावर आकडा उमटायचा, आणि घरी आल्यावरही हाताला पितळेचा वास येत राहायचा. बाकावर शाळेतली पोरगी दिसली की शेजारच्या बायका स्लिपा पुढे करायच्या. "बाळे, एवढी भरून दे गं." एका सकाळी दहा-बारा स्लिपा सहज व्हायच्या.

तिथले मॅनेजर साहेब एक गोष्ट न चुकता करायचे. अंगठा लावणाऱ्या माणसाला ते समोर बसवायचे, स्लिप हातात घ्यायचे आणि मोठ्याने वाचायचे. खातं कुणाचं, तारीख कोणती, रक्कम किती. समोरचा माणूस "व्हय" म्हणाला की मगच शाईचा पॅड पुढे सरकायचा. एकदा आजी त्यांना म्हणाली, "साहेब, नात वाचती की माझी, तुमी कशाला तरास घेता?" ते म्हणाले, "आजी, नात वाचते ती तुमच्यासाठी. मी वाचतो ते बँकेच्या वतीने."

बँकेत नोकरी करायची हे माझं त्या बाकावर ठरलं. पुढे परीक्षा दिल्या, लागले, ट्रेनिंगला गेले. १९ जुलै १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण कसं झालं, त्याच वर्षी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या अभ्यासगटाने जिल्हा हा घटक धरून बँकांचा विस्तार करा असं कसं सुचवलं आणि त्यातून डिसेंबरमध्ये एकेका जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेकडे देणारी अग्रणी बँक योजना कशी आली, हे तिथे शिकवलं. वर्गात बरेचजण जांभया देत होते. मला मात्र ते सगळं आजीच्या बाकाशी जोडलेलं दिसत होतं. गाडगीळांसारखा, प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यासाठी झटलेला माणूस बँकेचा विचार करताना आकड्यांच्या आधी गावं मांडतो, याचं मला अप्रूप वाटलं होतं. अजून वाटतं.

जून २०२३ मध्ये माझी बदली बीड जिल्ह्यातल्या एका शाखेत झाली. शाखाधिकारी म्हणून ही माझी दुसरी शाखा. मी, ओडिशाहून आलेला एक तरुण कृषी अधिकारी, एक क्लार्क, एक कॅशियर आणि एक शिपाई, एवढी माणसं. गावं, वाड्या आणि तांडे मिळून १४. कापूस, सोयाबीन, थोडी तूर. दसरा-दिवाळी झाली की निम्मी घरं कुलपात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊस तोडायचा आणि मार्च-एप्रिलला परतायचं. व्यवहार सगळा रोखीचा. त्यामुळे खातं असतं, खात्यात काही थांबत नाही.

घरचे साताऱ्याला, मी इथे भाड्याच्या दोन खोल्यांत. दिवस कसा जायचा ते सगळं लिहीत नाही, शाखा सांभाळणाऱ्या कुणालाही तो माहीत आहे. पीककर्जाचं नूतनीकरण, थकीत खाती, ठेवी, सोनेतारण, विमा, मोबाइल अॅप, आणि या प्रत्येकाचं वेगळं टार्गेट. संध्याकाळी साडेसहाला व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स. रिजनल ऑफिसमधून एकेका शाखेचं नाव पुकारलं जायचं आणि आकडा विचारला जायचा. आकडा नसला तर तोंडाने म्हणावं लागायचं, "शून्य, सर." स्क्रीनवर चाळीस चेहरे, आणि प्रत्येकजण आपलं नाव येण्याची वाट बघतोय.

रात्री तीनला जाग यायची. तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक कॅशियरकडे, एक माझ्याकडे, दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. मी अंधारात पर्स चाचपून माझी किल्ली आहे ना ते बघायचे. असायची. तरी मग झोप येत नसे. मुलगा फोनवर शाळेतलं काही सांगत असला की मी "हं, हं" करायचे आणि डोक्यात उद्याचा आकडा फिरत असायचा. एकदा तो म्हणाला, "आई, मी आत्ता काय म्हणालो सांग." मला सांगता आलं नाही.

माझा आवाजही बदलला होता. कृषी अधिकारी एखाद्या शेतकऱ्याशी दहा मिनिटं बोलत बसला की मी केबिनमधून हाक मारायचे, "किती झाले?" काय झाले हे विचारायचीही गरज उरली नव्हती. तो उठून उभा राहायचा आणि आकडा सांगायचा. चांगला पोरगा, शिकून शिकून मराठी बोलणारा. हळूहळू तो माझ्या केबिनसमोरून जायचंच टाळायला लागला. तेही मला फार उशिरा दिसलं.

कामाचं ओझं हेच या सगळ्याचं कारण, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होते. पण ओझं मी आधीही वाहिलं होतं. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री नोटाबंदी जाहीर झाली तेव्हा मी कोल्हापूरकडच्या एका शाखेत अधिकारी होते. ९ तारखेला बँका बंद होत्या, १० पासून उघडल्या, आणि मग शनिवार-रविवारही नाही. लोकांच्या बोटाला शाई लावत होतो, नोटा मोजून मोजून अंगठ्याची कातडी सोलली होती, रात्री दहाच्या आत घर नाही. त्या दिवसांत मी दमून रडलेही असेन, पण आतून रिकामं वाटलं नाही. समोर माणूस होता, त्याच्या हातात नोट होती, आणि मी काय करतेय हे त्यालाही कळत होतं, मलाही. बीडमध्ये काम त्याहून जास्त नव्हतं. फक्त दिवसभर केलेल्या कामातलं कुठलं कुणाच्या उपयोगी पडलं, हे संध्याकाळी मला सांगता येत नसे.

आता विम्याबद्दल. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना २०१५ च्या मे महिन्यात सुरू झाली. १८ ते ५० वयाच्या खातेदाराला घेता येते. आधी हप्ता ३३० रुपये होता, जून २०२२ पासून ४३६. कोणत्याही कारणाने मृत्यू आला तर वारसाला २ लाख. तिची जोडीदार म्हणजे अपघाताची सुरक्षा विमा योजना, वर्षाला २० रुपये. दोन्ही १ जून ते ३१ मे अशा चालतात आणि मे अखेरीस पुढच्या वर्षाचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. शिल्लक नसेल तर कापला जात नाही, आणि विमा थांबतो.

या योजनेबद्दल माझ्या मनात कधी शंका नव्हती, आजही नाही. ज्या घरात ऊसतोडीची उचल हेच भांडवल, तिथे २ लाख म्हणजे पोरांची शाळा सुटत नाही, मुकादमाचं देणं बायकोच्या डोक्यावर येत नाही. टार्गेट होतं ते एका चांगल्या गोष्टीचं होतं. म्हणूनच पुढे जे झालं ते मला जास्त लागलं.

ऑगस्ट २०२३ मध्ये आम्ही एका गावात ग्रामपंचायतीसमोर शिबिर लावलं. एका दिवसात १४० फॉर्म. त्या संध्याकाळी व्हीसीवर माझ्या शाखेचं कौतुक झालं. पुढच्या वर्षी, २०२४ च्या जूनमध्ये, सिस्टीममधून यादी निघाली: ज्यांचा हप्ता कापला गेला नाही त्यांची. २१३ नावं. कारणाच्या रकान्यात सगळीकडे एकच, शिल्लक अपुरी. मी प्रिंट काढली, स्टेपल केली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. नवीन नोंदणी मोजली जात होती. जुनं कोण सुटलं हे कुणी विचारत नव्हतं. मग जुलैत लाडकी बहीण योजनेची गर्दी सुरू झाली. सकाळी सातपासून बायका शटरसमोर, आधार जोडायचंय, केवायसी करायचीय, नवीन खातं पाहिजे. ऑगस्टमध्ये रक्षाबंधनाच्या आधी पैसे जमा झाले आणि रांग दुप्पट झाली. यादी ड्रॉवरमध्येच राहिली.

जानेवारी २०२५, संक्रांत नुकतीच झाली होती. एक बाई दिराबरोबर आली. तिचा नवरा डिसेंबरमध्ये कर्नाटकात उसाच्या फडात गेला, हार्ट अटॅकने. चाळीशी गाठली नव्हती. तिने पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं पासबुक काढलं, मृत्यूचा दाखला काढला, आणि दोन्ही माझ्या टेबलावर सरळ रेषेत ठेवले.

"इमा हाय त्यांचा," ती म्हणाली.

मी खातं उघडलं. मे अखेरीस शिल्लक ४२२ रुपये. दोन्ही विम्यांना मिळून ४५६ लागले असते. ४३६ चा हप्ता बसला नाही. २० चा बसला. शिल्लक ४०२.

मी सांगितलं. तिला ते पटेना, आणि का पटावं? तिने पासबुक माझ्याकडे फिरवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. फिकट शाईत छापलेली, २० रुपये वजा झाल्याची ओळ. कोयत्याने भेगाळलेलं बोट, नखाच्या कडेला काळी रेघ. "पैसं तर कापल्यात की, मॅडम."

मी दोन विम्यांतला फरक समजावला. हा अपघाताचा, तो कुठल्याही मरणाचा. हा राहिला, तो सुटला. दीर इतका वेळ गप्प उभा होता. तो म्हणाला, "म्हंजी ट्रकखाली गेला असता तर मिळालं असतं?"

मी हो म्हटलं.

"कमी किती पडलं?" तिने विचारलं.

"चौतीस रुपये."

ती काही बोलली नाही. रागावली असती, रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने पासबुक परत प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, कडा नीट दुमडल्या. उठता उठता थांबली आणि म्हणाली, "मला काढता येतो का तो? माझ्या पोरीला वारस लावून."

डिसेंबर ते फेब्रुवारीत नोंद केली तर मेपर्यंतचा हप्ता २२८ रुपये पडतो. मी फॉर्म काढला आणि तिला समोरच्या खुर्चीत बसवलं. पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. पहिले ३० दिवस अपघात सोडून दुसऱ्या कारणासाठी पैसे मिळत नाहीत, हे वाचलं. मेच्या शेवटच्या आठवड्यात खात्यात ४३६ असायलाच हवेत, अपघाताचाही ठेवायचा तर ४५६, हे दोनदा वाचलं. माझा आवाज केबिनच्या बाहेर जात होता. ती मान हलवत होती. सगळं झाल्यावर मी शाईचा पॅड पुढे केला.

ती गेल्यावर मी तिच्या नवऱ्याचा फॉर्म काढायला सांगितला. शिबिरातला होता. खाली त्याचा अंगठा, शेजारी माझी सही. त्या दिवशी १४० फॉर्मवर मी सह्या केल्या होत्या आणि एकही कुणाला वाचून दाखवला नव्हता. रांगेत उभं करून "विमा आहे, सरकारी आहे, इथे अंगठा लावा" एवढं सांगितलं होतं. मेमध्ये खात्यात किती ठेवायचे हे त्या माणसाला कुणी सांगितलंच नसेल. उन्हाळ्यात तो गावात होता. ३४ रुपये त्याच्या खिशात नक्की असणार.

ड्रॉवरमधली यादीही काढली. १२७ वं नाव त्याचं होतं. जून ते डिसेंबर ती यादी माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर होती.

त्या रात्री मी फार विचार केला. त्याआधी, ताण वाढल्यावर, मी एक उपाय करून पाहिला होता. आपण हे काम का करतो ते डायरीत लिहायचं आणि रोज सकाळी वाचायचं. आजीबद्दल, टोकनाबद्दल, गावाबद्दल मी मनापासून लिहिलं होतं. वाचताना डोळे भरून यायचे, आणि दहा वाजता शटर उघडलं की त्यातलं काही उरायचं नाही. आता मला त्याचं कारण कळलं. हेतू ही मनात जपून ठेवायची वस्तू आहे असं मी धरून चालले होते. आजीच्या बँकेतल्या साहेबांच्या मनात काय होतं कोण जाणे. त्यांनाही टार्गेट असेल, घरचं काही असेल, एखाद्या दिवशी डोकं फिरलेलं असेल. पण त्यांच्या दिवसात स्लिप वाचायला जागा ठरलेली होती. मन हजर असो नसो, वाचणं व्हायचं. माझ्या दिवसात व्हीसीला जागा ठरलेली होती, वाचण्याला नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना बोलावलं आणि झालेलं सांगितलं, माझ्या सहीसकट. कृषी अधिकाऱ्याची मी वेगळी माफी मागितली. तो अवघडला. मग म्हणाला, "मॅडम, माझा बाबा दुसऱ्याची शेती करतो. मी हा जॉब त्याच्यासाठीच घेतला. मला वाटला, तुम्हाला फक्त आकडा पाहिजे." मला उत्तर सुचलं नाही. शाखेत माझ्यासारखाच आणखी एकजण आपला बाक शोधत बसला होता आणि मी त्याला रोज दहा मिनिटांनी हाक मारून उठवत होते. वरून येणारा ताण माझ्यापाशी अडायला हवा होता. मी तो चढ्या आवाजात खाली पोहोचवत होते. वर्षभरात माझ्या हातून झालेलं सगळ्यात मोठं नुकसान बहुधा हेच असेल, फक्त ते कुठल्या यादीत येत नाही.

मग ठरवलं, जो अंगठा लावेल त्याला कागद वाचून दाखवायचा. रांग कितीही असो. याने काम मंदावतं, हे खरं. लोक कुरकुरले. फेब्रुवारीत आमची नवीन नोंदणी निम्म्यावर आली आणि लेखी खुलासा मागणारं पत्र आलं. मी खुलासा दिला, त्यात ३४ रुपयांची हकिगत लिहिली. व्हीसीवर विचारलं की सुटलेल्या खात्यांचा आकडाही घ्यावा. "बघू" म्हणाले. अजून बघतायत. रात्री तीनची जागही पूर्ण गेलेली नाही, महिन्यातून दोन-तीनदा किल्ली चाचपली जातेच. मात्र संध्याकाळी "शून्य, सर" म्हणताना घसा पूर्वीसारखा आवळत नाही, कारण त्या दिवशी काय काय झालं ते मला माहीत असतं.

२०२५ ची यादी आम्ही हप्ते कापले जायच्या आधीच काढली. १० मेला, विम्याची नोंद आहे पण शिल्लक ४५६ च्या खाली आहे अशी खाती. ३४० निघाली. फोन करायला लागलो तर नवीनच अडचण. बँकेतून बोलतोय म्हटलं की लोक फोन कापतात. फसवणुकीचे इतके फोन येतात की त्यांनी कापणं बरोबरच आहे. कृषी अधिकाऱ्याची मराठी ऐकून तर एका आजोबांनी त्याला चांगलंच सुनावलं. शेवटी आमच्या शिपायाने तोडगा काढला. तो इथलाच, सगळी गावं त्याच्या ओळखीची. त्याने प्रत्येक गावातल्या मारुतीच्या देवळाच्या भोंग्यावरून सांगायला सुरुवात केली: विम्यासाठी खात्यात चारशे छपन्न रुपये ठेवा, बँक कुणाला ओटीपी विचारत नाही, शंका असेल तर शाखेत येऊन बघा. संध्याकाळी भजनाच्या आधी पाच मिनिटं. लोक आले. काहींनी दहा-दहाच्या नोटा मोजून दिल्या. एका मावशींनी पदराची गाठ सोडली, त्यात ४५० होते, वरचे सहा मागच्या रांगेतल्या बाईने दिले.

३१ मेला संध्याकाळी यादीत १७ नावं उरली. त्यातले चौघे जवळच्याच एका वीटभट्टीवर होते, पाऊस पडेपर्यंत तिथेच राहणारे. १ जूनला रविवार होता. गावोगावी बँकेचे व्यवहार करून देणाऱ्या बँक मित्राला अंगठ्याचं मशीन घेऊन यायला सांगितलं आणि मी आणि कृषी अधिकारी त्याच्या मोटरसायकलवर गेलो. भट्टीवर धूर, राख, कच्च्या विटांच्या ओळी. चौघांची पुन्हा नोंद करून दिली. त्यातल्या एकाची बायको बाजूला उभी राहून बघत होती. म्हणाली, माझाही करा.

मशीनवर तिचा अंगठा लागेना. माती उचलून उचलून बोटांच्या रेघाच पुसट झालेल्या. तिने बादलीत हात धुतले, पदराला पुसले, दुसऱ्यांदा लावला. नाही. मशीनला नेटवर्क येईपर्यंत आमच्या ओडिशाच्या पोराने फॉर्म उघडला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली, शब्दांवर अडखळत, एकेका ओळीखाली बोट धरून. "दर वर्षी मे महिन्यात तुमच्या खात्यातून चारशे छत्तीस रुपये कापली जाईल."

"कापले जातील," ती म्हणाली, आणि मधलं बोट मशीनवर ठेवलं.